कोंबड्यांच्या पाण्यापायी

कापडे गावात आमची दोन घरं एकमेकांना लागून आहेत. मधे फक्त परसाचा दगडी गडगा, तोही गुडघ्याएवढा. एका घरात मी आणि माझी बायको, दुसऱ्यात माझा चुलतभाऊ आणि वहिनी. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मुंबईची नोकरी सुटून तो गावी आला तो चिडूनच आला. मी महाडच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीला जातो, बायको अंगणवाडीत. दुपारी आमच्या घरात कुणीच नसे, आणि एका कोंबड्यासकट चौदा गावठी कोंबड्या परसात मोकळ्या.

त्यांचं पाणी मी जर्मनच्या टोपात ठेवायचो. कोंबड्या पाय घालून त्याचा चिखल करायच्या आणि कोंबडा काठावर चढला की टोप उपडा व्हायचा. एप्रिलच्या उन्हात त्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या आणि शेवटी गडगा ओलांडून दादाच्या पडवीत शिरायच्या. तिथे वहिनीचं पाण्याचं घमेलं असे. दादाने दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "आता आल्या तर माना मुरगाळून तुझ्या दारात टाकीन." मी ते हसण्यावारी नेलं.

चार दिवसांनी पहिली पाळी संपवून मी साडेतीनला घरी आलो. परसात तीन कोंबड्या पडल्या होत्या. एकीचा पाय अजून झटके देत होता. चौथी दादाच्या हातात होती, पंख फडफडवत. त्याने माझ्याकडे बघत तिची मान पिळली. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला.

मी डबा टाकला आणि त्याच्या अंगावर धावलो. माझा पहिला ठोसा त्याच्या नाकावर बसला. त्याने कोपर मारलं, माझा पुढचा दात तुटून ओठात घुसला. आम्ही दोघे गडग्यावर आपटलो, दगड निसटले, त्यांच्यासकट खाली आलो. तो माझ्या छातीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी माझा गळा धरला. मला त्याचे दात दिसत होते, त्याच्या नाकातलं रक्त माझ्या डोळ्यांत गळत होतं. माझ्या हाताला जांभ्या दगडाचा तुकडा लागला. तो मी उचलला तेव्हा मला त्याला मारूनच टाकायचं होतं. नंतर कितीतरी वेळा मी स्वतःशी खोटं बोलून पाहिलं, की नुसतं भेवडवायचं होतं म्हणून. तसं नव्हतं.

वहिनी मागून धावत आली आणि त्याचे खांदे धरून ओढायला वाकली. मी दगड हाणला. दादाने डोकं वळवलं. दगड वहिनीच्या भुवईवर बसला.

ती ओरडली नाही. खाली बसली आणि पदर डोळ्याला लावला, तो बघता बघता भिजला. आम्ही दोघे उठून टोपातल्या सांडलेल्या पाण्याच्या चिखलात उभे. तिनेच सांगितलं, "भावोजी, रिक्षा बघा." मग दादाला, "तुमी हात धरा हो माझा, मला दिसत नाय."

पोलादपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पायरीवरून घसरले." डॉक्टरांनी दादाच्या नाकाकडे पाहिलं, मग माझ्या ओठाकडे. "तिघंही एकाच पायरीवरून?" सात टाके पडले.

त्या आठवड्यात मी रजा काढून कोंबड्यांच्या पाण्याची सोय करायला बसलो. दुसरं काही करणं मला सुचत नव्हतं. कारखान्यांतले निळे ड्रम आमच्याकडे कुठेही मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते मला ठाऊक असतं, म्हणून लोणचंवाल्याकडचा ड्रम आणला. तो दगडांच्या ओट्यावर ठेवला, तळाशी भोक पाडून अर्धा इंची पाइप जोडला आणि पाइप परसातल्या काटक्यांच्या कुडाला आडवा बांधला. पाइपात लाल निपल बसवले, चोच मारली की थेंब पडतो असे. वर बॉलकॉक लावून ड्रम नळाला जोडला. सकाळी पाणी आलं की तो आपोआप भरतो आणि बंद होतो. वर घट्ट झाकण.

पण घाईत मी दोनच निपल लावले होते. उरलेल्या नऊ कोंबड्या आणि कोंबडा. कोंबड्याने एक अडवला, दुसऱ्यापाशी मोठ्या कोंबड्यांनी एका तलंगेला, कोवळ्या कोंबडीला, घेरलं. माझी रजा संपली होती, मी कामावर होतो. संध्याकाळी बायकोला ती सापडली, मागची बाजू टोचून फोडलेली, आतडी बाहेर, आणि बाकीच्या अजून टोचतच होत्या. ती जिवंत होती. मी कोयत्याने तिला संपवलं. बायको म्हणाली, "अहो, अजून किती रक्त बघायचं या घरात?" मी कोयता धुतला. दुसऱ्या दिवशी आणखी सहा निपल लावले, हातहात अंतर सोडून, कोंबडीला मान थोडी उंच करावी लागेल इतक्या उंचीवर. एकेकीची चोच धरून निपलाला टेकवली. दोन दिवसांत सगळ्या शिकल्या. आता आठवड्यातून एकदा ड्रम खंगाळला की झालं.

टाके निघाले तरी वहिनीचा डावा डोळा धूसरच राहिला. ते कळलं त्या दिवशी मी त्यांच्या पडवीत गेलो आणि दादाच्या पाया पडायला वाकलो. त्याने मला खांद्याला धरून उभं केलं आणि कानाखाली वाजवली, अशी की मी तोंडावरच खांबावर आदळलो. मी हात उचलला नाही.

"मला मारलंस त्याचं काय नाय," तो म्हणाला. "मी पण तुझा गळा दाबलाच होता. पण ही सुई ओवाया दुसऱ्याला बोलावते आता."

"दादा, तू कोंबड्या मारल्यास म्हणून..."

"हाय ना. म्हणून तर मला झोप लागत नाय."

वहिनी आतून दारात येऊन म्हणाली, "झालं असलं तर भावोजींना पाणी द्या. ओठातून रक्त येतंय."

दादाने तांब्या भरून आणला. मी चूळ भरली, परसात थुंकलो, आणि पडवीच्या कडेला दादाशेजारी बसलो.