चाचांच्या वाटेवर कुणी चालायचं नाही

पायी चालणारा माणूस म्हणजे संकटात सापडलेला माणूस, अशी आमच्या घरमालकांची ठाम समजूत होती. मंगळवार पेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची आणि सगळी पेठ कधी ना कधी त्यांच्या सायकलवर डबलसीट बसलेली होती. कॅरिअरवर त्यांनी स्वतः पिंजलेल्या कापसाची जाड गादी बसवली होती. ती रिकामी राहिली की त्यांना चैन पडत नसे.

मी आठवीत शाळा सोडून परभणीकडून कामाच्या शोधात आलो, तेव्हा डोक्यावर पेटी घेऊन स्टँडबाहेर उभा होतो. मागून घंटी वाजली. "पावणं, कुठं जायाचं?" उद्यमनगर, मी चाचरत म्हणालो. "मग बसा की!" बसलो खरा, पण हा माणूस आडवाटेला नेऊन पेटी काढून घेणार या धास्तीनं रस्ताभर मी ती घट्ट धरून होतो. त्यांनी मला कारखान्याच्या दारात उतरवलं, काम मिळेपर्यंत बाहेर थांबले आणि राहायला जागा नाही म्हटल्यावर आपली माडीवरची खोली दिली. लग्न होईपर्यंत मी तिथंच राहिलो. परक्या गावात मला पहिल्यांदा झोप लागली ती त्या खोलीत.

त्यांच्या मदतीतून सुटका नव्हती. शेजारच्या निवृत्त मास्तरांना डॉक्टरांनी रोज रंकाळ्याला फेरी मारायला सांगितलं होतं. चाचा त्यांना वाटेतच गाठायचे आणि घरी आणून सोडायचे. मास्तरांची साखर काही उतरेना, तेव्हा ते बोळाबोळांतून लपत फिरायला जाऊ लागले. एकानं जोतिबाला अनवाणी चालत जायचा नवस बोलला होता. चाचांनी त्याला डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेऊन सोडलं. तो कळवळून म्हणाला, "चाचा, माझा नवस मोडला की!" तर हे म्हणाले, "मोडतोय कशानं? अनवाणीच हायसा न्हवं? चप्पल कुठं घातलीया?"

असा माणूस सायकल शर्यतीत कसा टिकणार? पेठेतल्या तालमीसमोरून, पंचगंगेचा पूल ओलांडून वाघबीळ आणि परत, अशी शर्यत दरवर्षी असायची. चाचांच्या पायात दम जबर, पण वाटेत कुणी चालताना दिसलं की संपलं. एकदा तर भाजीची बुट्टी मांडीवर घेतलेल्या मावशीला मागं बसवूनच त्यांनी शेवटची रेघ ओलांडली. पंचांनी बाद केलं, तेव्हा म्हणाले, "मला करा बाद. मावशीला तरी नंबर द्या."

मग तालमीनं ठरवलं, पुढल्या वर्षापासून पन्नाशीच्या वरच्यांना शर्यतीत घ्यायचं नाही. चाचांची पन्नाशी कधीच उलटली होती, म्हणजे येत्या रविवारची शर्यत त्यांची शेवटची. त्या संध्याकाळी दुकानात सुई ओवता ओवता चाचा माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकदा तरी पयला यायचं हुतं, पोरा."

मी तसा भित्रा. दुकानात साबण मागतानाही माझा आवाज फुटत नसे. पण त्या आठवड्यात मी घरोघरी जाऊन सांगितलं. रविवारी शर्यत संपेपर्यंत चाचांच्या वाटेवर कुणी चालायचं नाही. उभंही राहायचं नाही, कारण उभ्या माणसाला ते हमखास कुठं जायाचं ते विचारणार. हाकही मारायची नाही. सगळ्यांनी गुमान खाली बसायचं. मास्तर तर माझ्याबरोबर हिंडले.

रविवारी पेठ ते पंचगंगेचा पूल, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं बसली. गवळी म्हशीच्या पायाशी बसले. म्हशी तेवढ्या उभ्या होत्या, कारण चाचांनी त्यांना अजून डबलसीट विचारलं नव्हतं. जाताना चाचा घोळक्यात, मान खाली घालून होते. त्यांना काही दिसलं नाही. परत येताना मात्र पुलावरून एकटे पुढं! बाकीचे पार मागं. मान अजून तशीच खाली. तालमीसमोरची रेघ डोळ्यांसमोर होती.

आणि त्यांनी मान वर केली. सगळी पेठ रस्त्याच्या कडेला, खाली बसलेली, गप्प.

कचकन ब्रेक लागला. सायकल आडवी टाकून चाचा खाली उतरले. चेहरा पांढराफटक. "कोण गेलं?"

"आवो, कुणी गेलं न्हाय! पॅडल मारा!" मास्तर ओरडले.

"मग समदी अशी बसलायसा कशाला? खरं सांगा!"

एवढ्यात तिघे सूं करून पुढं निघून गेले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मी जवळ जाऊन म्हणालो, "चाचा, तुम्ही थांबू नये म्हणून."

त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिलं. गवळी, पोरं, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या म्हाताऱ्या. "माझ्यासाठनं?" रडतील असं वाटलं, पण त्यांनी नुसतं नाक पुसलं.

सायकल उचलली, पण ते सीटवर काही बसले नाहीत. हँडल धरून चालू लागले. त्यांच्याबरोबर सगळेच उठले. रस्ता भरून आम्ही त्या रेघेवरून गेलो. पंच वही घेऊन नुसतेच बघत राहिले. चाचा दर चार पावलांवर वळून कुणाला तरी विचारायचे, "दमला न्हाईसा न्हवं?"

घर अगदी जवळ होतं. ते लवकर येऊ नये, असं मला वाटत होतं.