आधी शाई, मग वाचन

ऐंशी सालाच्या आसपास नाशिकच्या नोंदणी कचेरीत मी कारकून होतो. बाहेर चिंचेखाली एक दस्तलेखक बसायचा. अक्षर सुरेख, बोलणं आर्जवी. प्रत्येक बाईला तो 'माय' म्हणायचा. नवरा-बायकोच्या नावावरचं घर एकट्या नवऱ्याचं करायचं असलं, की बायकोचं हक्कसोडपत्र लिहायला लोक त्यालाच गाठायचे.

त्याची एक सवय मला खटकायची. तो बाईच्या अंगठ्याला आधी शाई लावायचा आणि दस्त मग वाचून दाखवायचा. शाई लागली की बाई लुगडं सांभाळत हात लांब धरते. ऐकण्यापेक्षा तिला मोकळं होण्याची घाई होते. हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

एकदा सायखेड्याची एक बाई तसाच हात धरून माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊ, घरावर माझं नाव ऱ्हाईल ना? हे म्हन्त्यात, नुसता कागद नवा करायचाय."

"लय शहाणी झाली! टेक अंगठा," नवरा खेकसला.

दस्तलेखक मागून हळूच म्हणाला, "माय, शाई वाळतीये."

मी दस्त वाचला होता. तिचं अर्धं घर जात होतं. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"राहील," मी म्हणालो.

तिनं अंगठा टेकवला, "देव तुमचं भलं करो" म्हणाली आणि शाई माझ्या खुर्चीमागच्या भिंतीला पुसली. बदली होईपर्यंत मी त्या डागाला पाठ लावून बसत होतो.