सव्वाबाराचं इंजेक्शन

बाईंनी इंजेक्शन घेतलं तेव्हा सव्वाबारा झाले होते. हे मला नक्की आठवतं, कारण त्यांनी घड्याळ पाहून वेळ छोट्या वहीत लिहिली आणि वही माझ्यासमोर धरली. इन्सुलिन घेतल्यावर पंधरा मिनिटांत जेवण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर साखर उतरते, हे त्यांच्या मुलाने पहिल्याच फोनवर मला तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगताना त्याने ते माझ्याकडून वदवून घेतलं.

बाई परदेशातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. पाच दिवसांसाठी त्यांनी माझी गाडी ठरवली होती. मी मूळचा महाडचा. मुंबईत एका वर्तमानपत्रात सतरा वर्षं बातम्या तपासल्या. ती आवृत्ती बंद पडल्यावर गावी परतलो, गाडी घेतली आणि पर्यटकांना फिरवू लागलो. इंग्रजी येत असल्याने परदेशी पाहुणे माझ्याकडे येत. बाई पुढच्या सीटवर बसत. प्रत्येक देशात त्या असाच एक खाजगी ड्रायव्हर ठेवत आणि शेवटच्या दिवसापर्यंत तोच चालवत. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, परक्या मुलखात आपण या क्षणी कुठे आहोत हे माहीत असणारा एक तरी माणूस लागतो.

पहिल्या दिवशी आम्ही रायगडावर गेलो, दुसऱ्या दिवशी तुडीलला सावित्रीच्या काठी. तिसऱ्या दिवशी आंबेनळी घाट. घाटातून उतरताना मी त्यांना पायथ्याच्या कापडे गावी आत्याकडे जेवायला नेलं. हॉटेलपेक्षा घरचं जेवण पाहुण्यांना आवडतं आणि आत्यालाही चार पैसे मिळतात.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. भातकापणी सुरू होती. आत्याने सकाळी फोनवर साडेबाराचं कबूल केलं होतं, आणि आम्ही पोचलो तेव्हा तिने हाक मारून सांगितलं, "भात उतरतोय, पानं घेतेच." ते ऐकून मी बाईंना होकार दिला आणि त्यांनी सुई टोचली.

तेवढ्यात खाली रस्त्यावर हॉर्न वाजू लागला. भाताच्या पेंढ्यांनी भरलेला टेम्पो माझ्या गाडीमुळे अडला होता. मी निघालो तेव्हा बाई पडवीच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. घरात येताना त्यांनी बूट काढले होते. ते पुन्हा घालताना मी पाहिलं. पाच मिनिटांत येतो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

टेम्पोचं मागचं चाक चरीत गेलं होतं. ढकलायला हात कमी होते. मी वीस मिनिटांनी वर आलो तर पानं मांडलेली होती आणि पडवीत कोणी नव्हतं. बाईंची बॅग खांबाला टेकून ठेवलेली. साखर तपासायचं यंत्र, गोळ्या, बिस्किटं, सगळं बॅगेतच.

"बाई कुठं गेल्या?"

"गेली ना," आत्याचे सासरे म्हणाले. ते सुपारी कातरत होते. "मघाशीच. हात जोडले, मी पण जोडले."

"कुठं गेल्या?"

"त्ये नाय माहीत."

"विचारलं नाही?"

म्हाताऱ्याने अडकित्ता खाली ठेवला. "निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारत्यात काय रे? पेपरात होतास ना तू? काय शिकलास?"

आत्याने बाईंना चुलीजवळून पाहिलं होतं. "मी म्हणलं, या जाऊन. हसली रे ती. मला वाटलं, मागल्या अंगाला जायचं असंल, बाईमाणूस हाय."

आमच्याकडे उंबरा ओलांडणाऱ्याला "कुठे?" म्हणून कोणी टोकत नाही. टोकलं की काम फिसकटतं असं मानतात. मी ते मानत नाही, असं मी मुंबईत अनेकदा बोललो आहे. पण बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या त्या बाईला मीही विचारलं नव्हतं. प्रश्न तोंडाशी आला होता. मी तो गिळला, आणि गिळतोय हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

पावणेएक झाला होता.

घरामागे, गोठ्यात, विहिरीवर पाहिलं. बाईंच्या फोनवर रिंगच जात नव्हती. खालच्या खाचरात चार बायका कापत होत्या. त्यांनी बाईंना पाहिलं होतं. बाईंनी त्यांचा फोटो काढला, एकीचा विळा हातात घेऊन पाहिला आणि बांधावरून वर गेल्या.

"वर म्हणजे कुठे?"

"बांधानं. आम्ही काय टोकलं नाय."

पुढे शेळ्या राखणारा एक म्हातारा भेटला. त्यानेही बाईंना पाहिलं होतं. बाई त्याच्याशी बरंच काही बोलल्या होत्या, डोंगराकडे बोट दाखवून. "मी हां हां म्हणलं," तो म्हणाला. "पाहुणं माणूस, नाय कसं म्हणायचं?"

एक वाजून दहा मिनिटांनी माझ्याकडे बाईंना पाहणारी सात माणसं होती आणि एकही उत्तर नव्हतं. हरवलेल्या माणसाची बातमी मी शेकडो वेळा तपासली आहे. नाव, वय, बांधा, अंगावरचे कपडे. गावच्या पोलीसपाटलांना फोन लावला, त्यांनीही तेच विचारलं. बाईंचा शर्ट कसला होता ते मला सांगता येईना. तीन तास त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी निळा म्हणालो. आत्या मागून म्हणाली, हिरवा.

गावात तरणी माणसं थोडी. बहुतेक मुंबईला असतात, कापणीपुरते आठ दिवस येतात. आत्याचा पुतण्या तसाच आलेला. त्याने विळा टाकला आणि आणखी पाच जण गोळा केले.

"दादा, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला. "म्हातारी हाय, लांब जाऊन जाणार किती? मिल जाएगी."

"तिच्या पोटात अन्न नाही. बेशुद्ध पडेल."

त्यानंतर तो हिंदी बोलला नाही.

बांध संपतो तिथे वाट फुटते. एक ओढ्याकडे उतरते, दुसरी धनगरवाड्याला चढते. तिघे ओढ्याला गेले. पुतण्या, आणखी दोघे आणि मी वर निघालो. माझ्या एका खिशात साखरेची पुडी होती, दुसऱ्यात ते यंत्र. गवत कमरेच्या वर वाढलेलं, त्यात माणूस पडला तर हाताच्या अंतरावरूनही दिसला नसता. आम्ही दहा पावलं चालायचो, हाक मारायचो, थांबायचो. बाईंना आम्ही त्यांच्या नावाने हाक मारत होतो आणि आम्हा चौघांत त्या नावाचे चार उच्चार होते.

दोन वाजले. अडीच. एका वळणावर कातळ निसरडा होता आणि खाली सरळ दरी. पुतण्या पोटावर पालथा पडून खाली बघून आला. "काय नाय," म्हणाला. मी स्वतः जाऊन पुन्हा पाहिलं. मग परत येऊन तिसऱ्यांदा. त्याने माझ्या दंडाला धरून मला ओढलं.

"दादा, तिथं नाय हाय ती. चल."

एका ठिकाणी फोनला क्षणभर रेंज आली. तिच्याबरोबर मुलाचा संदेश आला. तिकडे सकाळ झाली होती. आईचं आज काय जेवण, असं त्याने विचारलं होतं. मी उत्तर लिहायला घेतलं. सतरा वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली. ते एक वाक्य मला लिहिता आलं नाही. रेंज गेली.

सव्वातीनच्या सुमाराला वरून आवाज आला. लांब, ओढलेला. बाईचा आवाज होता, पण आमच्या बाईंचा नव्हे.

"ओ खालचं! तुमची कोण हाय का रे गोरी?"

धनगरवाड्याची सहा घरं. त्यांतल्या पहिल्या घराच्या ओट्यावर घोंगडीवर बाई आडव्या होत्या. अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धे उघडे, एका पायात बूट नव्हता आणि तो पाय घोट्याशी सुजलेला. शर्ट पांढरा होता.

घरधनीण त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "झाडाखाली बसलेली. मला वाटलं, पिऊन आली. तोंडाला वास नाय, तरी बडबड चाललेली. मग उचलून आणली."

"काही दिलं का तोंडात?"

"म्हंजे? दारात माणूस आल्यावर गूळपाणी देणार नाय काय? नको नको करत होती. मी म्हणलं, गप गो, घे. अर्धा तांब्या प्यायली."

मी यंत्र लावलं. पुतण्याने बाईंचं बोट धरलं. आकडा खालीच होता, पण बाईंनी मला ओळखलं. मी आणखी साखर पाण्यात कालवली आणि त्यांना थोडी थोडी पाजली. एक घोट गिळायला त्यांना बराच वेळ लागायचा. प्रत्येक घोटाच्या वेळी ओट्यावरची सगळी माणसं त्यांच्या गळ्याकडे बघत. मग घरधनिणीने ताकभात कालवून आणला आणि मला बाजूला सारून स्वतः भरवला.

वाडीला रस्ता नाही. आजारी माणूस झोळीतून उतरवतात. बांबूला घोंगडी बांधली, बाईंना तीत घातलं आणि वाडीतले दोघे धरून आम्ही सहा जण पाळीपाळीने खांदा देत उतरलो. घरधनीण अर्ध्या वाटेपर्यंत आली. झोळीत हात घालून ती सारखी बाईंच्या कपाळाचा घाम पुसत होती. बाई दोनदा काहीतरी म्हणाल्या. मी झोळीजवळ कान नेला. त्या माफी मागत होत्या. शेळ्यांचा फोटो घेऊन लगेच परत फिरायचं होतं, पण वरची घरं जवळ दिसली म्हणून त्या चढत गेल्या. वाटेत आपण सगळ्यांना सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. सगळे हसून हो म्हणाले होते.

गाडीपाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी पोलादपूरला गाडी घातली. दवाखान्यात सलाईन लावलं, पायाची पट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, तो गूळ पोटात गेला म्हणून निभावलं. मी सगळं तपासाच्या कागदासारखं सांगितलं. इंजेक्शन सव्वाबाराला, गूळपाणी अंदाजे पावणेतीनला. डॉक्टरांनी विचारलं, मधले अडीच तास त्या कुठे होत्या, हे कोणालाच कसं माहीत नव्हतं? मी म्हणालो, चूक माझी.

फोनवर मुलाचे अकरा फोन येऊन गेले होते. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून त्याला लावला. जे घडलं ते क्रमाने, काही न वगळता सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, उरलेले दोन दिवस रद्द, उद्या मुंबईहून दुसरी गाडी येईल, तुम्ही तिच्याजवळ थांबू नका. आवाज चढलेला नव्हता. मी ठीक आहे म्हणालो. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "ती शेवटी काय जेवली?"

"ताकभात," मी सांगितलं. इंग्रजीत त्याला शब्द नव्हता, म्हणून भात, ताक आणि मीठ असं वेगवेगळं करून सांगितलं.

"पूर्ण खाल्ला?"

"सगळा."