मूळ म्हणायचं नाही

आईची ताकीद एकच होती. पाहुण्यांपुढे ‘मूळ’ हा शब्द काढायचा नाही. आता सांगा, मी रायपूरला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होते आणि माझा सगळा अभ्यासच मुळांचा!

आईचंही चुकत नव्हतं. माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. अशी सून सासऱ्याला भोवते म्हणतात, त्यापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. तिसरी बोरसीहून येत होती. हीही फिसकटली तर शिक्षण बंद करून मिळेल तिथं उरकून टाकू, असं पोलादाच्या प्लांटात क्लार्क असलेल्या बाबांनी सांगून ठेवलं होतं. पोहे परतताना आई पुन्हा तीच ताकीद देत होती. मला नुसती चीड येत होती.

चहा झाला आणि मुलाच्या वडिलांनी विचारलंच, मी नेमकं काय शिकते. धानावर काम करते, असं मी म्हणाले. एवढ्यानं भागेना. मग मी सांगत गेले, की खतपाणी सारखं असूनही काही रोपांचा खालचा भाग आखूडच राहतो. बी कोणत्या दिवशी रुजलं, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. बियाण्यातच एक जीन बिघडलेला असतो, आणि तो नरमादी दोन्हीकडून आला तरच...

“खालचा भाग म्हंजे मूळच ना?” मुलाच्या वडिलांनी मधेच विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“मूळच,” मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. “मंग खोट मायबापाकडून येते म्हना. पोरीचं नक्षत्र कोन्तं, तेबी सांगून टाका.”

पत्रिका सापडत नाही, असं काहीतरी बाबा पुटपुटले. माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई पुढे आली. माझ्या जन्माची वेळ हा आपलाच गुन्हा, असं धरून जन्मभर मान खाली घालून वागलेली बाई.

“मूळच हाय,” ती म्हणाली. “लपवून राहिलो होतो. त्या घडीले जन्म मीनं देल्ला, खोट असन तर माही. पोरीत खोट नाही. अन् तिचं शिक्षण मी बंद होऊ देनार नाही.”

पाहुणे ‘कळवतो’ म्हणून उठले. कसलं कळवतात! शिक्षण बंद करायची गोष्ट मात्र बाबांनी पुन्हा काढली नाही.

संध्याकाळी बशा विसळताना मी तिला म्हणाले, “आई, खोट तुझीही नाही.”

तिनं विसळलेली बशी पुन्हा पाण्यात घातली. मग म्हणाली, “हे मले आजवर कोनी म्हनलं नाही.”