नाकातला कापूस

जाग आली ती श्वास कोंडून. तोंड उघडून हवा ओढली, तेव्हा कळलं की नाकात काहीतरी आहे. दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे. त्यांना हिन्याच्या अत्तराचा वास होता.

मग बाकीचं दिसलं. गळ्यात झेंडूचा हार. समोर आवक-जावक रजिस्टर, त्याच्याशेजारी दौतीत खोचलेली पेटती उदबत्ती. मान मागं टाकून खुर्चीतच झोपलो होतो. सरळ झालो तसा कपाळावरून रुपया घरंगळला आणि टेबलावर पडला. मढ्याच्या कपाळाला लावतात तसा लावला होता.

टेबलाभोवती कचेरीतले सात-आठ जण उभे. शिरस्तेदार सगळ्यांत पुढं. बेळगावातल्या जुन्या घराण्यातला माणूस. रोज दोन्ही कानांत अत्तराचा फाया. त्या दिवशी त्यांचे कान रिकामे होते.

"उठलं बघा मढं," शिरस्तेदार म्हणाले. "आता ह्याला बढती द्यायला हरकत नाही."

सगळे हसले. शिरस्तेदारांना आणखी चेव आला.

"सरकारचे जावई हे. सासुरवाडीला येऊन कुणी काम करतं होय?"

हार मी ओळखला. आदल्या दिवशी चौदा एप्रिलची जयंती होती. कचेरीनं बाबांच्या फोटोला हार आणला नव्हता, म्हणून मीच बाजारातून आणून घातला होता. तोच काढून माझ्या गळ्यात घातला होता. भिंतीवर फोटो उघडा.

आणि मी काय केलं? मीही हसलो. दात काढून हसलो. नाकातला कापूस काढला, खिशात ठेवला, उदबत्तीची राख स्वतःच्या रुमालानं पुसून घेतली. शिरस्तेदारांचा रुपया त्यांना परत दिला. आजही मला सगळ्यात जास्त लाज त्या हसण्याची वाटते. त्यांच्या कापसापेक्षा जास्त.

झोप मला लहानपणापासूनची. निपाणीजवळच्या आमच्या गावात शाळेत असताना बाक मिळायचा तो शेवटचा, दाराजवळचा. पाढे म्हणता म्हणता मान पडायची. मास्तर तपकीर ओढायचे. चिमूटभर तपकीर माझ्या नाकात कोंबायचे आणि वर्गाला सांगायचे, "ह्यांच्या रक्तातच आळस आहे. बापानं तक्क्या दिलाय होय रं तुला?" माझा बाप पहाटे चारला तंबाखूच्या वखारीत जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. तक्क्या त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पण वर्ग हसायचा आणि मला वाटायचं, मास्तर शिकलेले आहेत, त्यांना माहीत असणार. आपल्या रक्तातच काहीतरी असेल.

तसंच समजत मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो, लग्न झालं. हाराच्या प्रकारानंतर आठ दिवसांत कचेरीतून कागद आला. कामाच्या वेळी झोपणे, तीन महिन्यांत खुलासा द्या, नाहीतर बडतर्फ. दोन पोरं होती. उद्यमबागेच्या मागं भाड्याची एक खोली होती.

खरं काय ते शोधून काढलं माझ्या बायकोनं. शेवंता निपाणीची. दहाव्या वर्षापासून बिडी वळणारी. बेळगावातसुद्धा घरी पान-तंबाखू आणून वळायची. एका रविवारी दुपारी मी झोपलो होतो आणि ती शेजारी सूप मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळी तिनं मला सूप दाखवलं. एका बाजूला नेहमीचा माल. दुसऱ्या बाजूला दोन जुड्या बांधलेल्या, पंचवीस-पंचवीसच्या, आणि वर चार सुट्या बिड्या.

"हे काय?" मी म्हणालो.

"तुमचा दम जितक्या बारी थांबला तितक्या ह्या," ती म्हणाली. "घोरता घोरता गप होताय. छाती हलती, पर वारा न्हाय. मग हिसका बसतोय आनि पुन्ना सुरू. माझा हात थांबायचा, म्हनून एकेक बाजूला टाकली."

दोन तासांत चोपन्न वेळा. मला वाटलं ती काहीतरी बोलतेय. पण बिडी मोजण्यात तिची चूक होत नाही. मोजणीत चुकलं की कारखान्यात मुकादम सगळा माल छाट म्हणून बाजूला फेकतो, आणि तसा माल वाया घालवणं तिला परवडण्यासारखं नव्हतं.

बेळगावात घोरण्यावर उपाय म्हणून आधीच टॉन्सिल काढून झाले होते. काही फरक नाही. मग मिरजेला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथला तरुण डॉक्टर बिड्यांच्या त्या जुड्यांना हसला नाही. त्यानं मला खाटेवर झोपवलं आणि स्वतः घड्याळ घेऊन बसला. उठल्यावर म्हणाला, "झोप लागली की तुमचा घसा मिटतो. श्वास बंद. मेंदू धक्का देऊन उठवतो. रात्रभर हेच. तुम्ही आळशी नाही. तुम्ही वर्षानुवर्षं झोपलेलेच नाही."

मी त्याच्यासमोर रडलो. पस्तिशीचा बाप्या माणूस, हुंदके देऊन रडलो. मास्तर खोटे होते एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्यानं नाकातलं हाड सरळ केलं. उपयोग झाला नाही. मी काही जाडजूड माणूस नाही, अंगावर मूठभर मांस, त्यामुळं वजन उतरवायचाही प्रश्न नव्हता. जबडाच लहान, जीभ मागं पडते, असं तो म्हणाला. शेवटचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. बोलायचं झालं की भोकावर बोट ठेवायचं.

"घरात नळ आहे?" त्यानं विचारलं.

"गल्लीत आहे. एक दिवसाआड येतो."

"मग आत्ता नको. ते रोज स्वच्छ नाही राहिलं तर जिवावर बेतेल." त्यानं हातही टेकले आणि एक चांगलं कामही केलं. इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. आजाराचं नाव, श्वास किती वेळा थांबतो, आणि ह्या माणसाला बसून करायचं काम देऊ नये. चालताना मला झोप येत नाही. टपाल वाटायचं काम दिलं असतं तरी नोकरी टिकली असती. पण कचेरीत साहेब म्हणाले, परराज्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही, इथल्या बोर्डाचा अपंगत्वाचा दाखला आण.

बोर्ड म्हणजे सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा बसणारे तीन डॉक्टर. मी इस्त्रीचा सदरा घालून सकाळी आठला जाऊन बाकावर बसलो. शेजारी चिकोडीचा एक म्हातारा, एक पाय गुडघ्यापासून नसलेला. ऊन वर आलं. आणि जे व्हायचं तेच झालं. बसल्या जागी झोप लागली.

उठलो तेव्हा बाक रिकामे. म्हातारा तेवढा माझ्यासाठी थांबलेला.

"तीनदा पुकारलं रं तुला," तो म्हणाला. "मी हलवून हलवून दमलो. शिपायानं आत जाऊन सांगितलं, झोपलाय म्हनून. कारकून म्हनाला, मग बंदिल्ला लिव."

बंदिल्ला. आला नाही. ज्या रोगाचा दाखला मागायला गेलो, त्याच रोगानं मला दारात आडवा केला आणि त्यांनी मला गैरहजर लिहिलं. कारकुनाला ठाऊक होतं, मी पाच पावलांवर आहे.

पुढच्या महिन्यात शेवंता सोबत आली. बाकावर बसूच दिलं नाही तिनं मला. चार तास भिंतीशी उभा राहिलो. डोळे मिटायला लागले की ती दंडाला चिमटा काढायची. दुपारी नाव आलं.

टेबलामागं तिघं. मधले मोठे डॉक्टर, एक पोरसवदा डॉक्टर, कडेला एक डॉक्टरीणबाई. बाजूला कारकून यादी घेऊन.

"काय तुटलंय तुझं?" मोठे डॉक्टर म्हणाले.

मी मिरजेची चिठ्ठी पुढं केली. त्यांनी वाचली. पोरसवद्याला दिली. तो हसला.

"झोप मलाही लई येते," मोठे डॉक्टर म्हणाले. "मलाही द्या दाखला."

कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. "आंधळा, बहिरा, मुका, हात, पाय. ह्यात झोप न्हाय साहेब." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ते गळ्याचं भोक पाडून या. दिसेल तरी. दिसल्याशिवाय लिहायचं काय?"

माझ्या तोंडावर ते जुनं हसू येत होतं. दात काढायचं. आलंच होतं ओठापर्यंत. आणि मला एकदम हिन्याचा वास आला, नाकात, खरोखर. मी तोंड मिटलं.

"दाखवतो," मी म्हणालो. "इथंच झोपतो. मोजा."

"बघू, नाटक तरी बघू," मोठे डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले.

शेवंतानं तिचा पातळाचा तुकडा फरशीवर अंथरला. मी बोर्डासमोर उताणा आडवा झालो. चार तास उभ्यानं काढलेले. क्षणात डोळा लागला.

पुढचं मला शेवंतानं सांगितलं. मी घोरायला लागलो तसे ते हसले. दारात बाहेरची माणसं गोळा झाली. मग घोरणं तुटलं. शेवंतानं पिशवीतून एक बिडी काढून टेबलावर ठेवली. "एक," ती म्हणाली. पुन्हा तुटलं. "दोन." चौथ्या बिडीला हसणं थांबलं. मोठ्या डॉक्टरांची नजर घड्याळाकडं गेली. सातव्याला माझा दम इतका वेळ थांबला की माझे ओठ काळेनिळे पडले. डॉक्टरीणबाई खुर्ची सारून उठल्या, "उठवा त्यांना, उठवा."

शेवंतानं त्यांचा हात धरला. "उठवू नका बाई. मी बी रोज उठवत न्हाय, किती बारी उठवनार? त्ये आपनच उठत्यात. तुमी निस्तं बगा."

मी हिसका देऊन जागा झालो तेव्हा टेबलावर अकरा बिड्या होत्या. पाव तास झाला होता. मला वाटलं, झालं. ह्यांनी पाहिलं.

मोठ्या डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. "खरं आहे," ते म्हणाले. "पण यादीत नाही." आणि लिहिलं, नामंजूर. मग म्हणाले, "त्या बिड्या उचला टेबलावरून."

डॉक्टरीणबाई खिडकीकडं बघत राहिल्या.

शेवंतानं बिड्या एकेक करून उचलल्या, दोऱ्यानं बांधल्या. "ह्यो माल छाट न्हाय," ती म्हणाली. "ध्यानात ऱ्हावं द्या." झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं लोक म्हणतात. मला ते वाक्य जन्मभर ऐकवलं गेलं. त्या दिवशी मला कळलं ते कुणाबद्दल आहे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावलं. शेजारी शिरस्तेदार. टेबलावर कागद तयार. 'आळसामुळे कामाच्या वेळी झोप लागली, चूक कबूल आहे, क्षमा असावी.' खाली सही केली की एक पगारवाढ थांबणार, नोकरी राहणार.

"सही कर," शिरस्तेदार म्हणाले. "आम्ही काय तुझे वैरी आहोत?"

मला पोरं दिसत होती, खोलीचं भाडं दिसत होतं. पेन हातात घेतलंही. पण त्या एका शब्दावर नजर अडकली. आळस. मास्तरांनी माझ्या नाकात कोंबलेला, माझ्या बापाला चिकटवलेला, त्याच्या बापालाही कुणीतरी चिकटवलेला असणार. आणि आता माझ्याच सहीनं तो कचेरीच्या दप्तरात कायमचा बसणार होता. उद्या माझ्या पोराची मान वर्गात पडली की मास्तर म्हणणार, बापानंच लिहून दिलंय.

मी पेन ठेवलं. खिशातून कापसाचे ते दोन बोळे काढले. तीन महिने जपले होते. कागदावर ठेवले.

"आळस म्हणून सही करणार नाही," मी म्हणालो. "तुमचा कापूस तेवढा परत घ्या."

शिरस्तेदारांचा हात कानाकडं गेला.

नोकरी गेली. ह्याला आता दीड वर्ष झालं. उद्यमबागेत एका फाउंड्रीत वाळू वाहतो. चालतं काम आहे, भट्टीकडं जात नाही. गळ्याचं भोक अजून पाडलेलं नाही. पाडीन. पण त्यांना दिसावं म्हणून नाही.

बोर्ड दर महिन्याला बसतं. दर महिन्याला मी जातो. दिवसाढवळ्या, त्यांच्या दाराच्या उंबऱ्याला लागून पातळ अंथरतो आणि झोपतो. शेवंता उशाशी बसून मोठ्यानं मोजते, बिडी ठेवते. पहिल्यांदा शिपायानं हाकललं. आता तो बाजूनं जातो. चिकोडीचा म्हाताराही येतो, त्याचा दाखला कधीच झाला तरी येतो, आणि शेवंताबरोबर मोजतो. आत बसलेल्या तिघांना प्रत्येक आकडा ऐकू जातो.

येत्या सोमवारी पुन्हा बोर्ड आहे. त्यांच्या यादीत माझ्या रोगाची ओळ येईपर्यंत मी तिथं झोपणार आहे. त्यांना माझ्या अंगावरून ओलांडून आत जावं लागेल. कुणाला हार घालायचा असेल तर घालू दे. पण माझ्या नाकाकडं कापूस घेऊन कुणी वाकू नये. मी झोपेत असेन. शेवंता जागी असते.