आधी नाव काढा, मग घाला

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचं नाव मतदार यादीतून मी काढून टाकलं. वैर म्हणून नाही, मदत म्हणून.

बाई आधी ठाकुर्लीत आमच्या मागच्याच चाळीत राहायच्या. चाळ पाडायला घेतली तशा त्या आंबिवलीला गेल्या. महापालिकेची निवडणूक लागणार म्हटल्यावर म्हणाल्या, "काका, माझं नाव तिकडे करून द्या ना. वस्तीतली अंगणवाडी बंद पडलीय, छप्पर गळतं म्हणून. माझी दोन्ही नातवंडं दुपारची खिचडी तिथेच खायची. आता सून कामावरून येईपर्यंत बिस्किटावर असतात. शेजारची एक बाई उभी राहतेय, अंगणवाडी उघडून घेईन म्हणते. तिला मत द्यायचंय."

मी शाळेत हेडक्लार्क होतो. शाळा बदलायची तर आधी जुन्या शाळेतून नाव काढायचं, दाखला घ्यायचा, मग नव्या शाळेत घालायचं, हे मी जन्मभर खिडकीतून पालकांवर ओरडत आलो. पत्ता बदलण्याचा साधा फॉर्म समोर दिसत होता. पण साधं काम साधेपणाने करणं आमच्या खात्यात बसत नाही. मी नाव वगळण्याचा फॉर्म भरला. निवडणूक कार्यालयातून चौकशीला आलेल्या मॅडमना वर छातीठोकपणे सांगितलं, "हो हो, त्या इथे राहत नाहीत, काढाच तुम्ही." आयुष्यात एकच सरकारी काम माझ्या हातून वेळेत झालं, ते हे.

नवं नाव घालायचं राहिलं, कारण मी भाषण लिहीत होतो. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मतदान जागृतीचा कार्यक्रम होता. विषय भूक, गरिबी आणि आपलं मत. वक्ते सगळे शुगरपायी भात सोडलेले. मी म्हणालो, एक मत म्हणजे उपाशी लेकराच्या ताटातला एक घास. टाळ्या पडल्या. मागे चहा ओतत असलेल्या आमच्या पोळ्यांच्या बाईंनीही किटली खाली ठेवून वाजवल्या. मग बटाटेवडे झाले. उरलेले वडे आम्ही वक्त्यांनीच पिशव्यांतून घरी नेले. यादीची मुदत त्याच आठवड्यात संपली, हे मला फार नंतर कळलं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी सातला केंद्रावर हजर. बोटाला शाई, बोटाचा फोटो, फोटो ग्रुपवर. घोडबंदर रोडला राहणाऱ्या मुलाने त्यावर अंगठा पाठवला, अलिबागच्या रिसॉर्टवरून. सुट्टी आयती मिळाली होती ना. दुपारी आम्ही नवराबायको कल्याणला एका हॉटेलात गेलो. शाईचं बोट दाखवलं की थाळीवर सवलत होती. लोकशाहीबद्दल इतकं प्रेम मला त्याआधी कधी वाटलेलं नाही. मी बोट गल्ल्यावर दाखवलं आणि उगाच बासुंदी वाढणाऱ्यालाही दाखवलं.

त्या सकाळी बाई आंबिवलीच्या केंद्रावर दोन तास रांगेत उभ्या होत्या. तिथे नाव नाही म्हटल्यावर ठाकुर्लीला आल्या. तिथलं तर मीच काढलेलं. त्यांनी मला फोन केला. माझी बासुंदीची दुसरी वाटी चालू होती, मी उचलला नाही.

निकाल लागला, त्यांची शेजारीण पडली. दुसऱ्या दिवशी बाई पोळ्या करत असताना मी ओट्याशी जाऊन सगळं कबूल केलं आणि वर समजूतही घातली, "मनाला लावून घेऊ नका. ती सपाटून पडलीय. तुमच्या एका मताने काय होणार होतं?"

बाईंचं लाटणं थांबलं नाही. बासुंदीचं आणि शाईवरच्या सवलतीचं कौतुक आमच्या हिने त्यांना आधीच ऐकवलं होतं.

"मग कट्ट्यावर तो घास-बिस काय सांगत होतात? आणि एका मताने काही होत नाही, तर सकाळी सातला उठून कशाला गेलेलात काका? थाळी स्वस्तात मिळते म्हणून?"