वायफायला दोन चाव्या

इंटरनेट चोरांपासून वाचवायचं असेल तर ते आधी घरच्या माणसांपासून वाचवावं लागतं, असं माझं ठाम मत होतं. (आता मला कुठल्याच बाबतीत ठाम मत नाही.)

झालं असं, की राउटरच्या अ‍ॅपमध्ये डोकावलो तर जोडलेली यंत्रं अकरा! आमचे चार फोन, मुलीचा लॅपटॉप आणि टीव्ही मिळून सहा. मग उरलेली पाच कोणाची?

"अहो, दोन शेजारच्या नारायणभावजींकडची," सुनंदा माठाची भाजी निवडत म्हणाली. "एक मासेवालीचं. एक त्या गॅसवाल्याचं."

"गॅसवाल्याचं?"

"सिलिंडर घेऊन आला, घामाघूम झाला होता बिचारा. पाणी दिलं, पासवर्ड दिला."

पाचवं कोणाचं ते तिलाही आठवेना! त्यात दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमच्या प्राचीची नोकरीची मुलाखत, तीही व्हिडिओवर. नेमका तेव्हाच गॅसवाला सिनेमा बघत बसला तर?

मी पतसंस्थेत रोखपाल आहे. आमच्या तिजोरीला दोन चाव्या, दोन माणसांकडे. एकट्याने उघडतच नाही. हीच पद्धत मी घरी लावली. मुलाखतीच्या दिवशी सकाळी नवा पासवर्ड ठेवायला घेतला. पहिला अर्धा सुनंदाने टाकायचा, दुसरा आईने. एकीचा दुसरीला कळता कामा नये. माझ्या तोंडून चुकून फुटायला नको म्हणून मी स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"आई, कोणी विचारलं तरी सांगायचं नाही. मी विचारलं तरी!"

"न्हाय सांगनार," आई म्हणाली आणि पिशवी उचलून दिघीला मावशीकडे निघाली.

राउटर बंद होऊन चालू झाला. अकराच्या अकरा यंत्रं बाहेर! मला फार समाधान वाटलं. ते पावणेअकरापर्यंत टिकलं.

"बाबा, नवा पासवर्ड?" प्राचीने लॅपटॉप उघडून विचारलं.

अर्धा सुनंदाकडे होता. उरलेला अर्धा आगरदांड्याहून निघालेल्या फेरीबोटीत बसून खाडी ओलांडत होता! आमच्या वाडीत मोबाइलची रेंज बोलण्यापुरती. व्हिडिओ लावला की माणूस तोंड उघडून गोठतो. मी घाईघाईने आईला फोन लावला.

"आई, तुझा अर्धा सांग."

"न्हाय."

"अगं, मी बोलतोय!"

"तूच बोललास ना, मी इचारलं तरी सांगू नको?"

"पण प्राचीची मुलाखत आहे!"

"म्हनून तर. कोन चोर तुझा आवाज काढून बोलत असंल तर? सुनेला दे फोन. आनि तू भायेर जा, तुला कलाया नको."

"बाबा, जा ना हो बाहेर!" प्राची रडायच्या बेतात आली होती. दहा मिनिटं उरली होती.

मी अंगणात गेलो. बोटीच्या इंजिनाच्या आवाजात आईला काही ऐकू येईना. सुनंदा खिडकीत आली आणि आधी स्वतःचा अर्धा प्राचीला सांगत, मग आईचा तिला विचारत, एकेक अक्षर ओरडू लागली. माझा नियम मोडू नये म्हणून मी पहिल्या अक्षराआधीच दोन्ही कानांत बोटं घातली. (तत्त्वाचा प्रश्न होता!) त्यामुळे पुढचं मला फक्त दिसलं. दगडी गडग्यापलीकडून नारायणराव लगबगीने चष्मा लावून मोबाइलवर बोट चालवू लागले. फाटकाशी मासेवालीने पाटी खाली ठेवली आणि कनवटीचा फोन काढला. नारायणरावांनी तिला एक अक्षर दुरुस्त करून दिलं. खिडकीत सुनंदाने जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले.

अकराच्या ठोक्याला प्राचीची मुलाखत सुरू झाली. एकदाही अडकली नाही. नोकरीही लागली. घरात पेढे वाटले गेले.

त्यानंतर मी सुनंदाकडे पासवर्ड मागितला.

"अर्धाच माझा. उरलेला सासूबाईंचा, तो मी कसा सांगू?"

आईकडे गेलो.

"तुला कोनी पाठवला?" तिने विचारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

परवा अ‍ॅपमध्ये पुन्हा पाहिलं. (नारायणरावांच्या फोनवरून. त्यांनी दोन मिनिटांसाठी दिला होता.) जोडलेली यंत्रं चौदा. वाडीत आमचं वायफाय आता फक्त एका माणसापासून पूर्ण सुरक्षित आहे, आणि त्याचं बिल तो माणूस दर महिन्याला वेळेवर भरतो.